देवराव कशानं गेले

तांदूळ निवडता निवडता रुखमाबाई भांडत होती, आणि भांडत होती ती मेलेल्या माणसाशी.

“पन्नास लोकाइले सांगा म्हनलं का हा मानूस ऐंशीले सांगून येत जाय. धम्माच्या लग्नात तसंच केलं. पोट्टीच्या नामकरनाले तसंच. आता सोताच्या पुण्यानुमोदनाले बी कितीकाले सांगून ठेवलं असन कोन जाने!”

शेजारची नंदाबाई सूप पाखडत होती. ती आधी हसली, मग तिनं पदर डोळ्याला लावला. “तसाच होता वं मानूस. रस्त्यानं जानाऱ्याले बी जेवाले बसवे.”

“अन् सैपाक कोन करे? मी!”

दारात सून रुपाली बसली होती. मांडीवर आठ महिन्यांची मैत्री झोपलेली, आणि गुडघ्यावर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून ठेवलेलं. पुण्यानुमोदनात, म्हणजे बौद्धांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, मेलेल्या माणसाचा जीवनपरिचय वाचतात. बौद्धाचार्य काल येऊन सांगून गेले होते, “रुपालीबाई, तुमी यवतमाळले कॉलेजात शिकल्या. देवरावचा परिचय तुमीच लिवा अन् तुमीच वाचा.” तिनं ‘कालकथित देवराव’ एवढं लिहिलं होतं आणि सकाळपासून पेन तिथंच अडलेलं होतं.

“आत्याबाई, मामाजींचा जन्म कोणत्या सालचा?”

“ज्या साली नाल्याच्या पुरात सरपंचाचा गोठा वाहून गेला, त्या साली ते रांगत होते.”

“अहो, साल सांगा ना.”

“साल का मी वटीत बांधून ठेवलं?” रुखमाबाईनं तांदळातला खडा फेकला. “साल सोड. लिव्ह का धम्मा चवथीत जायेपर्यंत थ्यायनं त्याले खांद्यावर बसवून नाल्यातून शाळेत नेलं. पावसायात नाल्याले छातीएवढं पानी राहे. पोट्टं वरतं, दप्तर डोक्शावर, अन् हा खालतून वरडे, पाय आखड, पुस्तक भिजन! लिव्ह का पोट्टा आयटीआयले लागला तवा थ्यायनं तमाखू सोडली. म्हने, दोन पुड्याइत एका दिसाची बस होते. अन् दारूचं तं लिव्हच लिव्ह.”

“दारूचं काय लिहायचं?”

“सासरा माहा दारूनं मेला ना. हा बारा वर्साचा होता. तवापासून वास बी नाही घेतला या मानसानं. लग्नाच्या वरातीत सारे पिऊन नाचत, अन् हा एका बाजूले उभा राहून साऱ्याइच्या चपला राखे!”

नंदाबाई पुन्हा हसली. रुपालीही हसली, आणि लिहू लागली.

तिला स्वतःला आठवत होतं ते वेगळंच. देवराव फवारणीवाला माणूस. स्वतःचं तीन एकर वावर करून गावभरच्या पऱ्हाटीवर, कपाशीवर, पंप मारायचा. मैत्री झाली तेव्हापासून रुपालीच्या जिवाला घोर लागला होता. सासऱ्याच्या अंगाला औषधाचा वास, लेकराला काही झालं तर? तिनं एकदा भीत भीत म्हटलं, “मामाजी, रागावू नका, पण…” पुढचं बोलायच्या आतच त्यानं मान हलवली होती. त्या दिवसापासून तो नाल्यावर एकदा, मोरीत एकदा आणि वर लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं एकदा अशी आंघोळ करायचा आणि मगच घरात पाय टाकायचा. तरी नातीला तळहात लावायचा नाही. हात उलटा करायचा, आणि बोटांच्या मागच्या बाजूनं तिचा गाल कुरवाळायचा. “तयहाताले वास रायते बेटा. तुही माय मले घराच्या भायेर काढन.”

यंदा पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. झाडं अशी माजली की वावरात शिरलेला माणूस दिसायचा नाही, नुसता पंपाचा आवाज यायचा. फवारा वर धरावा लागे आणि औषध उलटं तोंडावर ठिबके. वारा नाही, ऊन ढगाआडून उकडतंय, खाली काळ्या जमिनीतून वाफ. एवढं करून बोंडात अळी ती अळीच. दर आठवड्याला दुकानात नवी बाटली यायची, आणि कृषी केंद्रवाल्या लखीरामसेठनं तर आपल्या दुकानात दोन-तीन औषधं स्वतःच मिसळून बिनलेबलाच्या डबकीत भरली होती. “हे मारा, अळी राहीन तं मिशी काढीन,” असं म्हणून.

नाल्यापलीकडच्या लखीरामच्या वावरात तीच डबकी घेऊन देवराव गेला. दुपारी ट्रॅक्टरवर घालून त्याला थेट यवतमाळला नेलं. चौथ्या दिवशी तो गेला. त्याच्यासोबत रुखमाबाईलाही बायांच्या वार्डात दोन दिवस ठेवलं होतं, डोळे सुजून मिटलेले, उलट्या थांबत नव्हत्या. रुपालीला लेकरू घेऊन दवाखान्यात कुणी येऊ दिलं नव्हतं. जे काय कागदपत्राचं होतं ते सगळं तिच्या नवऱ्यानं, धम्मरत्ननं पाहिलं.

“साल थ्या आधार कार्डावर असन,” नंदाबाई म्हणाली. “धम्माच्या थैलीत.”

रुपालीनं मैत्रीला सासूच्या मांडीवर दिलं आणि आत गेली. खुंटीवरची प्लास्टिकची थैली काढली. राशनकार्ड, बँकेचं पुस्तक, दवाखान्याची चिठ्ठी. आधार कार्डाला एक घडी केलेला कागद चिकटला होता. तिनं तो सोडवला. ठाण्यातल्या जबाबाची नक्कल होती. वाचायची सवय असलेल्या माणसाला कागद दिसला की डोळे आपोआप फिरतात, तसे तिचे फिरले.

‘…माझे वडील देवराव यांना मागील सहा महिन्यांपासून दारूचे व्यसन होते. घटनेच्या दिवशी ते कोणाच्याही शेतात कामाला गेले नव्हते. राहत्या घरी दारूच्या नशेत त्यांनी फवारणीचे औषध प्राशन केले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’

खाली सही. धम्मरत्नची सही तिला पाठ होती. ‘र’ला तो मोठं शेपूट काढायचा.

बाहेर रुखमाबाई नातीशी बोलत होती. “तुहा आजा ना, लई गोड होता. पन घोरे! घोरे तं मांजर पये.”

रुपालीनं कागद पुन्हा वाचला. मग तिला आठवलं की देवराव गेल्याच्या सहाव्या दिवशी धम्मरत्न इस्त्रीचा शर्ट घालून घाटंजीला गेला होता आणि संध्याकाळी पेढे घेऊन आला होता. लखीरामसेठनं त्याला आपल्या कृषी केंद्रात बसवलं होतं. आणि पेढा खाताना आपण म्हटलं होतं, मामाजींचाच आशीर्वाद.

धम्मरत्न खुर्च्या आणायला गेला होता. ट्रॉली अंगणात लागली तशी ती त्याला गोठ्यामागं घेऊन गेली. कागद समोर धरला.

तो कागदाकडे पाहत राहिला. मग इकडं तिकडं पाहून हळू म्हणाला, “कुठं सापडला?”

“एवढंच विचारता?”

“हळू बोल. आई आयकन.”

“आत्याबाईंना माहीत नाही?”

“नाही.” त्यानं घाम पुसला. “रुपाली, तू तिथी नव्हतीस. बापाच्या नाकात नळ्या, आई तिकडं, अन् सेठ माह्या खांद्यावर हात ठेवून उभा. म्हने, डबकीचं निघालं तं माहं लायसन जाईन. तुहा बाप तं आता वाचत नाही, डॉक्टरनं सांगतलं. मेलेल्याले काय फरक पडते? तू जिता हायस, तुले लेकरू हाय. मी तुले दुकानात घेतो.”

“म्हणून बापाला दारुडा केलं? वरात नाचताना चपला राखणाऱ्या माणसाला?”

“कोनी वाचते का थे कागद? फायलीत जाते अन् उंदीर खाते.” त्याचा आवाज एकाएकी चढला. “अन् कोनासाठी केलं मी? तूच ना मांगं लागली होती! लेकराची शप्पत घातली होती, तुमी पंप पाठीवर घेऊ नका म्हून. नवऱ्यानं पंप बी घेऊ नये अन् बापाचं नाव बी राहावं, दोनी कसं जमन?”

शपथ तिनं घातली होती. पाचव्या महिन्याची पोटुशी असताना, चुलीपुढं बसून.

“आजचा दिस निभावून ने,” तो म्हणाला. “सेठ बी येनार हाय. पुढच्या हप्त्यात सरकारचं पथक येऊन राह्यलं गावात, फवारनीनं मेलेल्याइची चौकशी कराले. सेठ घाबरून हाय. परिचयात फकस्त अल्पशा आजारानं निधन असं लिव्ह. सारेच तसं लिवते.”

आत मैत्री रडायला लागली होती. रुपाली आत गेली, कागद थैलीत परत टाकला, लेकराला पाजायला बसली, आणि पाजता पाजताच डाव्या हातानं कॅलेंडरच्या पानावर शेवटची ओळ लिहिली. अल्पशा आजाराने त्यांचे दुःखद निधन झाले. अक्षर वाकडं आलं. डाव्या हातामुळं आलं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

दुपारी मंडपात सत्तरेक माणूस जमलं. टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांच्या खाली देवराव. आधार कार्डावरचा फोटो मोठा केला होता, त्यामुळं तो पोलिसानं पकडल्यासारखा दिसत होता. मेणबत्त्या लागल्या. बौद्धाचार्यांनी त्रिसरण, पंचशील दिलं. नशेपासून लांब राहण्याचं पाचवं शील देवराव साऱ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचा, गावात त्याची मस्करी व्हायची. त्या ओळीला रुपालीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याचे ओठ हलत नव्हते.

मग तिनं परिचय वाचला. नाला आला, दप्तर आलं, चपला आल्या. बाया डोळे पुसू लागल्या, मागं कुणी हसलं. शेवटची ओळ तिनं इतकी भरभर वाचली की मागच्यांना ऐकूही गेली नसेल. पण रुखमाबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिनं मान वर केली आणि सुनेकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

आदरांजलीला माणसं उठू लागली. दोघं-तिघं बोलले. मग पुढच्या खुर्चीतून लखीरामसेठ उठला, गळ्यातला रुमाल सारखा केला.

“देवराव म्हंजे माहा भाऊ. वीस वर्सं माह्या घरचा मानूस. असा मेहनती गडी तालुक्यात नाही.” त्यानं फोटोकडं पाहिलं, आणि ते दुःख खोटं नव्हतं. “पन का करता? शेवटी शेवटी थोडीशी सवय लागली त्याले. मानूस थकते, घेते एखांदी. मी लई समजावलं. थ्या सवयीनंच घात केला. आपन साऱ्यायनं याच्यातून शिकावं, एवढंच बोलतो.”

सत्तरेक माणसं खाली पाहत होती. साऱ्यांची पऱ्हाटी लखीरामच्या दुकानातल्या उधारीवर उभी होती.

“कोनाची सवय?” रुखमाबाई बसल्या जागेवरून बोलली.

“वयनी, आता जाऊ द्या. मेलेल्या मानसाचं…”

“नाही, मी इचारून राह्यली. कोनती सवय?” ती लेकाकडं वळली. “धम्मा, सांग याले. तुह्या बापाले कोनती सवय होती थे सांग.”

सगळ्या माना धम्मरत्नकडं गेल्या. तो पाण्याचा जग हातात घेऊन उभा होता. त्यानं जग खाली ठेवला, परत उचलला.

“आई… सेठ म्हन्ते थे… आता कायले उकरते तू?”

रुपालीनं पाहिलं, म्हातारीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरातल्या कुत्र्यानं चावावं आणि माणसानं आधी हाताकडं नाही, कुत्र्याकडं पाहावं, तसं ती लेकाकडं पाहत होती.

रुपाली उठली, घरात गेली. खुंटीवरच्या थैलीतून तिनं तो कागद काढला. ती परत येऊन टेबलाजवळ उभी राहिली, आणि कॉलेजात वाचायची तशा खणखणीत आवाजात तिनं नवऱ्याचा जबाब पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. सहीसकट.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, “आणि अल्पशा आजाराने हे मी लिहिलं. तेही खोटं आहे.”

“पोरीले दुःखानं भान नाही,” लखीराम म्हणाला. पण तो बसला नाही, आणि गेलाही नाही.

मागून एक बारीक माणूस उठला, टोपी नीट करत. घाटंजीचा अय्यूब मिस्तरी, पंप दुरुस्त करणारा. “मले बोलू द्या. मी तं पाव्हना हाओ. थ्या दिवशी सकाळी सात वाजता देवरावभाई सायकलनं माह्या दुकानात आलता. पंप सेठचा होता, सेठचं नाव खोदलं हाय त्याच्यावर. नोझल चोक झालतं. हा मानूस नोझल तोंडात धरून फुंके, साऱ्याइची तशीच आदत हाय इकडं, सुई भेटत नाही वावरात. मी म्हनलो, भाई, तोंडानं नको फुंकू, जहर हाय. मी त्याले तार देल्ली. हसला अन् म्हने, अय्यूबभाई, तार गवतात पडली तं सापडत नाही, तोंड तं कुठी पडत नाही.” तो थांबला. “सात वाजता थ्यो माह्यासंगं चाय पेला. थे नशेतला मानूस नोता. अल्लाकसम.”

“सात वाजता नसन,” लखीराम म्हणाला. “मंग घरी जाऊन घेतली असन. वावरात त्याले कोनं पाह्यलं? सांगा ना, कोनं पाह्यलं?”

“म्या पाह्यलं.”

रुखमाबाई उभी राहिली. तिचे डोळे अजून पूर्ण उघडत नव्हते.

“सेठ, थ्या पंपात पानी कोनं वतलं? पंप काय सोताच भरते? नाल्यातून गुंड भरून म्या आनले, तुह्या डबकीतलं औषध झाकनानं मोजून म्या टाकलं, काडीनं म्या हालवलं. सोळा टाक्या. सतराव्या टाकीले थे म्हने, रुखमा, मले दोन-दोन पऱ्हाट्या दिसून राह्यल्या. म्या त्याइले धुऱ्यावर, बांधाच्या सावलीत झोपवलं. तुह्या गड्याले हाक म्या मारली.” तिला दम लागला. “दवाखान्यात मी दोन दिस पडून होती. आंधयी होती, पन जिती होती. मले कोनी इचारलंच नाही. म्या म्हनलं, धम्मानं सांगतलंच असन.”

लखीराम जेवायला थांबला नाही. त्याच्यामागं दहा-बारा खुर्च्या रिकाम्या झाल्या. मग आणखी काही, चोरट्यासारख्या, पाणी प्यायला उठल्याचं दाखवत. जे उरले त्यांना रुखमाबाईनं वाढलं. वरण वाढताना लेकाच्या पत्रावळीपुढंही ती थांबली. बाकीच्यांना एक वाटी, त्यालाही एक वाटी. रुपालीला वाटलं होतं, ती पुढं निघून जाईल. ती गेली असती तर बरं झालं असतं, असं धम्मरत्नच्या तोंडावर दिसत होतं.

भांडी झाल्यावर रुखमाबाई सुनेजवळ येऊन बसली. “पहिली बस कितीले हाय?”

“साडेआठला.”

“ठान्यात माहा जबाब लिवते का आता? का उशीर झाला म्हन्ते?”

“लिहावाच लागेल. नाही लिहिला तर पथकापुढं सांगू. मी सोबत आहे.” मग तिनं ते विचारलं जे तिला दुपारपासून खात होतं. “आत्याबाई, खोटा जबाब दिला म्हणून यांच्यावर केस झाली तर?”

“होईन.”

“दुकान तर गेलंच.”

“हाव.” रुखमाबाईनं मैत्रीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. “तू नाही आली तरी चालन. तुहं लेकरू लहान हाय. मी अय्यूबले घेऊन जातो म्हन.”

रुपाली उठली आणि लेकराची दुपटी पिशवीत भरू लागली.

सकाळी फाट्यावर दोघी उभ्या होत्या. रात्री भुरभुर पडून गेली होती, रस्त्याकडेची पऱ्हाटी ओली, वरची बोंडं काळी पडलेली. मागून मोटारसायकल आली. धम्मरत्न होता. कालचाच शर्ट, इस्त्री मोडलेली. दुकानात जात होता की दुकान सोडून यायला जात होता, ते त्यालाच ठाऊक. त्यानं गाडी थांबवली, पण बंद केली नाही.

“बसा तुमी मांगं,” तो आईकडं न पाहता म्हणाला. “सोडून देतो ठान्याजवळ. बस काय टायमावर येते?”

रुपाली सासूकडं पाहू लागली. रुखमाबाई पुढं झाली. तिनं लेकाच्या शर्टाची कॉलर दुमडलेली होती ती सरळ केली.

“तू हो म्होरं,” ती म्हणाली. “तू तिथी उभा राह्यला तं मले खरं बोलता नाही येनार.”

त्यानं गिअर टाकला आणि गाडी पुढं गेली. वळणाकडून बस येताना दिसली तशी रुखमाबाईनं हात वर केला, आणि बस पूर्ण थांबेपर्यंत तो खाली घेतला नाही.